दारू सोडली, पण जांभळाची बीअर घेतली

पहाटे सव्वातीनला फोन वाजला. "डॉक्टर, यांची शुगर एक्केचाळीस आलीय. घामाने निथळतायत, आणि काहीतरी असंबद्ध बोलतायत."

फोन आमच्या खडकीतल्याच एका काकूंचा होता. काका दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, वय साठीच्या पुढे, मधुमेह बारा वर्षांचा. काकूंना म्हटलं, शुद्धीवर आहेत आणि गिळता येतंय ना? मग तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि तोवर मुलाला गाडी काढायला सांगा. शुगर वर आली, दवाखान्यात सलाईन लागलं, सकाळपर्यंत काका ठीक झाले. (त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काका, काल काही घेतलं होतं का?"

"नाही."

"नक्की? तुम्ही तर दोन वर्षांपूर्वी सोडली होती."

"दारू सोडलीच आहे डॉक्टरसाहेब. काल मुलाचा वाढदिवस होता. त्याने नेलं होतं त्या बीअर बनवतात तिथे. मी फक्त ती जांभळाची काळी बीअर घेतली. दोन ग्लास. जांभूळ तर शुगरला चांगलंच असतं ना?"

काका खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबात त्यांनी शब्द पाळला होता. आणि म्हणूनच हा लेख लिहितो आहे. माझं भांडण काकांशी नाही, त्या ग्लासाला ज्या गोड नावाने आपण घरात घेतो त्या नावाशी आहे.

मी स्वतः चाखून पाहिली

ऐकीव माहितीवर टीका करू नये, म्हणून पुढच्या रविवारी मी अशाच एका ठिकाणी गेलो. पुण्यात ही ठिकाणं आता नवी राहिलेली नाहीत. देशातल्या सुरुवातीच्या क्राफ्ट बीअर कारखान्यांपैकी एक, 'डूलाली', २००९ मध्ये पुण्यातच सुरू झाला. हा इंग्रजी शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आला आहे. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून डोकं फिरलेल्या गोऱ्या सैनिकांसाठी तो वापरला जाई. असो.

बीअर आली. रंग जवळजवळ काळा. दिव्यासमोर धरली की कडेला लालसर जांभळी झाक. फेस बदामी. वास भाजलेल्या धान्याचा, म्हणजे सातू भाजताना स्वयंपाकघरात सुटतो तसा, त्यात थोडी कॉफी. पहिला घोट कडू, मग जांभळाचा आंबट-तुरटपणा, आणि जिभेवर रेंगाळणारी थोडी गोडी. चव चांगली होती. खोटं कशाला सांगू?

हा काळा रंग येतो भाजलेल्या जवापासून. जव म्हणजे बार्ली. ते भिजवून, मोड आणून, वाळवून त्याचा माल्ट करतात. काही दाणे कॉफीच्या बियांसारखे काळपट होईपर्यंत भाजले की स्टाउट किंवा पोर्टर जातीची बीअर होते. भाजलेल्या धान्याच्या कडवटपणाला आंबट फळ छान तोल देतं, म्हणून काळ्या बीअरमध्ये चेरी, रासबेरी घालायची पद्धत परदेशात आहेच. आपल्याकडे जांभूळ आणि कोकम त्या जागी चपखल बसतात. बनवणाऱ्याच्या हाताला मी दाद देतो.

पण वाढणारा मुलगा म्हणाला, "सर, एकदम लाइट आहे, फ्रूट बेस आहे." मागच्या फळ्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: ८ टक्के. इथेच माझं तोंड कडू झालं.

मिलीलीटर गुणिले टक्के, भागिले १२५

हे एक सूत्र लक्षात ठेवा. ग्लासात किती मिलीलीटर आहे त्याला अल्कोहोलच्या टक्क्यांनी गुणा आणि १२५ ने भागा. ग्लासातलं शुद्ध अल्कोहोल किती ग्रॅम, ते साधारण कळेल.

- ३० मिली व्हिस्की (४२.८ टक्के), म्हणजे छोटा पेग: सुमारे १० ग्रॅम
- ६० मिली व्हिस्की, म्हणजे मोठा पेग: सुमारे २० ग्रॅम
- ३३० मिली साधी बीअर, ५ टक्के: सुमारे १३ ग्रॅम
- ३३० मिली काळी बीअर, ८ टक्के: सुमारे २१ ग्रॅम
- ५०० मिली काळी बीअर, ८ टक्के: सुमारे ३२ ग्रॅम

म्हणजे त्या 'लाइट, फ्रूट बेस' बीअरचा ३३० मिलीचा एक ग्लास हा व्हिस्कीचा एक मोठा पेग आहे. काकांनी दोन घेतले. चार छोटे पेग पोटात गेले, आणि त्यांना वाटलं आपण जांभूळ खाल्लं.

'आम्ही फक्त चाखतो' म्हणणाऱ्यांसाठीही हाच हिशेब. चाखण्यासाठी छोट्या ग्लासांचा ट्रे मिळतो. १२० मिलीचे चार ग्लास, सरासरी ६ टक्के धरा. ४८० गुणिले ६, भागिले १२५: तेवीस ग्रॅम. म्हणजे दोन छोट्या पेगांपेक्षा जास्त. ट्रे रिकामा होतो तेव्हा आपण काही 'प्यायलो' असं वाटतही नाही.

आपला कायदाही बीअरला सौम्यच समजतो. महाराष्ट्रात बीअरसाठी वयाची अट २१ आहे आणि कडक मद्यासाठी २५. बीअर चार-पाच टक्क्यांची असेल तर त्यात काही तर्क आहे. आठ टक्क्यांच्या मोठ्या ग्लासापुढे तो तर्क टिकत नाही.

फळाचं नाव घेतलं की आपण हत्यार खाली ठेवतो

आजाऱ्याला भेटायला जाताना आपण काय नेतो? फळं. उपासाला काय चालतं? फळं. डॉक्टर काय खा म्हणतात? फळं. आपल्या मनात फळ म्हणजे निर्मळ आणि पथ्याचं. त्यामुळे बीअरच्या आधी जांभूळ, आंबा, कोकम असा शब्द लागला की मनातला पहारेकरी बाजूला होतो.

आणि ही युक्ती काही नवी नाही. महाराष्ट्रातल्या देशी दारूच्या दुकानात वर्षानुवर्षं 'संत्रा' विकली जाते. ती पिणारा माणूस 'मी संत्र्याचा रस घेतला' असं घरी सांगत नाही, आणि सांगितलं तरी बायको विश्वास ठेवत नाही. तिथे फळाच्या नावाने कुणी फसत नाही. पण तेच फळ महागड्या ग्लासात, मंद दिव्याखाली, इंग्रजी मेनूवर आलं की शिकलेली माणसं फसतात. देशी पिणारा 'बेवडा' आणि काळी बीअर चाखणारा 'रसिक', हा भेद आपण केलेला आहे. यकृताला बिलाचा आकडा दिसत नाही. त्याला फक्त ग्रॅम कळतात.

'पण त्यात खरं फळ असतं, इसेन्स नाही!' असेल. मग त्या फळातल्या साखरेचं काय होतं, ते पाहू. फळ आंबवण्याच्या वेळी घातलं तर यीस्ट ती साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. फळ नंतर घातलं आणि आंबवणं थांबवलं, तर साखर साखर म्हणूनच उरते. म्हणजे एक तर साखरेची दारू होते, किंवा दारूत साखर राहते. तिसरी वाट नाही. आणि अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅमला ७ कॅलरी असतात. त्या २१ ग्रॅमच्या ग्लासात नुसत्या अल्कोहोलच्याच सुमारे दीडशे कॅलरी झाल्या, दीड पोळीएवढ्या. उरलेली साखर आणि स्टार्च वेगळे.

राहिलं जांभूळ आणि मधुमेह. जांभूळ हे चांगलं फळ आहे, माफक प्रमाणात मधुमेह्यानेही खावं. पण जांभूळ किंवा त्याच्या बियांची पूड गोळ्यांची जागा घेईल, असा भरवशाचा पुरावा नाही. आणि बीअरमध्ये बुडवलेल्या जांभळाच्या नावावर तर काहीच दावा करता येत नाही.

त्या रात्री काकांच्या शरीरात काय झालं?

आपण जेवत नाही तेव्हाही रक्तातली साखर टिकून राहते, कारण यकृत साठवलेली साखर सोडतं आणि गरज पडली तर नवी बनवतं. अल्कोहोल आलं की यकृत आधी त्याच्या मागे लागतं आणि नवी साखर बनवण्याचं काम मागे पडतं. तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल शरीर जिरवतं. काकांचे ४२ ग्रॅम जिरायला चार ते सहा तास हवेत.

त्यात काका मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. गोळी चुकवायची नाही, हा माझाच सल्ला. तो त्यांनी पाळला. पण फेसाळ बीअरने पोट गच्च झालं म्हणून जेवले दोन घास. एकीकडे इन्सुलिन साखर खाली ओढतंय, दुसरीकडे यकृत अडकलंय, आणि पोट रिकामं. पहाटे शुगर एक्केचाळीस झाली.

आता यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट ऐका. साखर उतरलेला माणूस अडखळत बोलतो, चिडतो, तोल जातो, झोपाळतो. तोंडाला बीअरचा वास असेल तर घरचे काय म्हणणार? 'चढली आहे, झोपू द्या.' काकांच्या मुलाने हेच म्हटलं होतं. काकूंचा हात त्यांच्या थंडगार, घामेजल्या कपाळाला लागला आणि त्यांनी ग्लुकोमीटर काढला, म्हणून काका आज आहेत. मुलाचं म्हणणं ऐकून त्या झोपी गेल्या असत्या, तर हा लेख वेगळा झाला असता.

म्हणून लक्षात ठेवा: मधुमेह्याने घेतली असेल आणि तो विचित्र वागत असेल, तर आधी शुगर तपासा. मशीन नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखरेचं पाणी पाजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, कुशीवर वळवा आणि ताबडतोब रुग्णालयात न्या. हा धोका दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत असतो.

नेहमीच्या सबबी आणि माझी उत्तरं

"काळ्या बीअरमध्ये लोह असतं." ही थाप जुनी आहे. इंग्रजी छावण्यांसाठी पिंपं भरभरून काळी पोर्टर बोटीने हिंदुस्थानात येत असे. पुढे १९२९ मध्ये गिनेस कंपनीने 'गिनेस तुमच्यासाठी चांगली' अशी जाहिरात सुरू केली. एके काळी तिकडे बाळंतिणींना आणि रक्तदात्यांना स्टाउट दिली जायची, म्हणजे या गैरसमजात आमच्या व्यवसायाचाही हात आहे. प्रत्यक्षात अशा बीअरच्या मोठ्या ग्लासात, ५६८ मिलीमध्ये, लोह भरतं सुमारे ०.३ मिलिग्रॅम. प्रौढ भारतीय पुरुषाची रोजची गरज १९ मिलिग्रॅम. करा हिशेब. रंग काळा आहे तो भाजलेल्या दाण्यांचा, लोहाचा नव्हे.

"बीअरने मुतखडा पडतो." बीअरने काही वेळ लघवी जास्त होते, एवढंच. तेच काम पाणी करतं, आणि पाणी युरिक ॲसिड वाढवत नाही. बीअरमध्ये प्युरिन असतात. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात मद्याच्या प्रकारांपैकी बीअरचा गाउटशी संबंध सर्वात ठळक दिसला, कडक मद्याचा त्याखालोखाल. अंगठ्याच्या सांध्याची ती ठणक ज्याने भोगली आहे, त्याला अधिक सांगायला नको. फळाची फ्रुक्टोज साखरही युरिक ॲसिड वाढवते. फळाची बीअर म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

"केमिकल नाही, नैसर्गिक आहे." अल्कोहोलच केमिकल आहे, आणि ते यीस्टने बनवलं काय नि कुणी बनवलं काय, रेणू तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन, इथले कर्करोग त्याने वाढतात. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलं, की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं मद्याचं प्रमाण नाही.

"एका ग्लासाने काय होतंय, गाडी चालवता येते." मोटार वाहन कायद्यात मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. साठ किलोच्या माणसाने तो २१ ग्रॅमचा एकच ग्लास भराभर प्यायला, तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. स्त्रियांमध्ये आकडा आणखी वर जातो.

"आम्ही नशेसाठी नाही, चवीसाठी घेतो." ही एकच सबब मला प्रामाणिक वाटते, म्हणून तिला नीट उत्तर देतो. चव पहिल्या चार-पाच घोटांत कळते. मलाही कळली. त्यापुढचे घोट चवीचे नसतात, सवयीचे किंवा संगतीचे असतात. खरंच चवच हवी असेल तर १०० मिलीवर थांबता आलं पाहिजे. थांबता येत नसेल, तर ते कारण चव नव्हे.

कोणी अजिबात घेऊ नये?

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे. फॅटी लिव्हर पुढे गेलेले किंवा कावीळ झालेले. क्षयरोगाचं औषध चालू असलेले, कारण ती औषधं आधीच यकृतावर भार टाकतात. झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणारे. पोट बिघडल्यावर मेट्रोनिडाझोल घेत असलेले. गाउटचे रुग्ण. गरोदर स्त्रिया. आणि ज्यांनी कष्टाने दारू सोडली आहे ते, कारण त्यांच्यासाठी फळाची बीअर हा जुन्या घराचा मागचा दरवाजा आहे.

आणखी दोन गोष्टी. गोडसर काळ्या बीअरमध्ये कधी कधी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घालतात. यीस्टला ती खाता येत नाही, म्हणून गोडी टिकते. दूध न पचणाऱ्यांना त्याने गॅस आणि जुलाब होतात, आणि दोष दिला जातो शेंगदाण्यांना. दुसरं, बीअर जवाची असते. सिलिॲक आजार असलेल्यांना ग्लूटेनमुळे ती चालत नाही, फळ कुठलंही असो.

माझी मागणी

मी बंदी मागत नाही. बंदीने काय होतं ते या राज्याने पाहिलं आहे. मी फक्त तीन आकडे मागतो. बाटलीवर निदान टक्केवारी आणि वैधानिक इशारा छापलेला असतो. नळाच्या ग्लासावर काहीच नसतं. म्हणून फळ्यावर आणि मेनूवर, जांभूळ या शब्दाएवढ्याच मोठ्या अक्षरात, ग्लास किती मिलीचा, टक्के किती आणि अल्कोहोल किती ग्रॅम, हे लिहावं. साखर घातली असेल तर तीही. ज्याला आपल्या हाताच्या चवीचा अभिमान आहे, त्याला हे लिहायला लाज वाटायचं कारण नाही. आणि वाढणाऱ्या मुलांना 'लाइट आहे' म्हणायला शिकवू नये. पुढे बसलेला माणूस रात्री कुठली गोळी घेणार आहे, हे त्यांना ठाऊक नसतं.

आणि तुमच्याकडून एक. डॉक्टरांनी 'दारू घेता का?' विचारलं, तर बीअर, वाइन, फळाची, घरची, सगळं त्यात मोजा. खरं सांगा. मी रागावणार नाही. मला फक्त तुमची गोळी बदलायची असते.

काका आता बरे आहेत. जूनमध्ये ते दवाखान्यात आले, हातात कागदाची पुडी. "घ्या डॉक्टरसाहेब, खडकी बाजारातली आहेत. ही चालतील ना?"

पुडीत टपोरी जांभळं होती. मी म्हटलं, "ही चालतील काका. मूठभर."